पानथरीवाचून जगणे आणि पानथरीवाचून वाचणे

पोटाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात, नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आडोशाला, मुठीएवढा आणि सुमारे दीडशे ग्रॅम वजनाचा एक जांभळट अवयव असतो. वैद्यकाच्या पुस्तकांत त्याला प्लीहा म्हणतात, बोलीत पानथरी. आयुर्वेदाने यकृत आणि प्लीहा यांना रक्तवह स्रोतसाचे मूळ मानले. म्हणजे रक्ताशी या अवयवाचे असलेले नाते आपल्याकडे फार पूर्वी ओळखले गेले होते. तरीही आजच्या शिकलेल्या माणसाला पानथरीविषयी सहसा दोनच गोष्टी ठाऊक असतात. तिथे जुन्या तांबड्या पेशी मोडीत निघतात, ही एक. आणि ती काढून टाकली तरी माणूस जगतो, ही दुसरी. दोन्ही विधाने खरी आहेत, आणि ती खरी असल्यामुळेच त्यांवरून काढलेला चुकीचा निष्कर्ष इतका चिवट ठरला आहे: जी नसली तरी चालते, ती महत्त्वाची नाही.

हा निष्कर्ष उथळ आहे, कारण तो अवयवाची किंमत सुखाच्या दिवशी मोजतो. विहिरीला कठडा नसला तरी पाणी शेंदता येते. कठड्याचे मोल पाय घसरतो त्या दिवशी कळते. पानथरीचे तसेच आहे. ती रक्तातल्या संसर्गावर बसवलेला पहारा आहे. तिची उणीव रोजच्या जगण्यात जाणवत नाही, पण तापाच्या पहिल्या काही तासांत ती जीव घेऊ शकते. वाशिमसारख्या जिल्ह्यात या गोष्टीला विशेष अर्थ आहे. विदर्भाच्या या पट्ट्यात सिकलसेलचा आजार घराघरांत ठाऊक आहे, आणि हा आजार कोणतीही शस्त्रक्रिया न होता, कोणाच्या ध्यानात न येता, मुलांच्या पानथरीचे काम बंद पाडतो. म्हणून पानथरी समजून घेणे हा इथे आरोग्यव्यवस्थेच्या आखणीचा प्रश्न आहे. हे म्हणणे टप्प्याटप्प्याने मांडतो.

१. रक्ताला वेगळा पहारा का लागतो

पायात काटा मोडून जखम पिकली की जांघेत अवधाण येते, हे खेड्यातल्या कोणालाही सांगावे लागत नाही. ती सुजलेली गाठ म्हणजे लसिका ग्रंथी. जखमेतून आत शिरलेले जंतू ऊतींमधल्या द्रवाबरोबर तिथवर वाहत येतात आणि अडवले जातात. त्वचा, घसा, आतडे यांतून येणाऱ्या वाटांवर अशा शेकडो चौक्या आहेत. पण फुप्फुसातून किंवा नाकाघशाच्या आतल्या आवरणातून जंतू थेट रक्तात उतरला, तर या चौक्या बाजूला राहतात. रक्त मिनिटाभरात सारे शरीर फिरून येते. त्यातल्या जंतूला अडवायचे तर रक्तालाच कुठेतरी थांबवून तपासले पाहिजे. हे काम यकृत करते आणि पानथरी करते. पण दोघांची पद्धत सारखी नाही.

पानथरीचे वजन साठ किलोच्या माणसात शरीराच्या पाव टक्का भरते, पण हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी सुमारे पाच टक्के रक्त तिच्याकडे जाते. स्वतःच्या पोषणासाठी तिला एवढे रक्त लागत नाही. ते तपासणीसाठी येते. तिच्या तांबड्या भागात रक्त नेहमीच्या नळ्या सोडून मोकळ्या जाळीत उतरते आणि त्याचा वेग मंदावतो. परत शिरेत शिरण्यासाठी प्रत्येक पेशीला जेमतेम एक मायक्रॉन रुंदीच्या फटींतून अंग चोरून जावे लागते. तांबड्या पेशीचा व्यास सात-आठ मायक्रॉन असतो. लवचीक पेशी निसटते. म्हातारी, कडक किंवा मलेरियाच्या परजीवीने भरलेली पेशी अडकते, आणि वाटेवर बसलेल्या भक्षक पेशी तिला गिळतात. कधी त्याहूनही नाजूक काम होते. आर्टेसुनेट हे औषध दिल्यावर पेशीच्या आत मेलेला परजीवी पानथरी उपसून काढते आणि पेशी पुन्हा रक्तात सोडून देते. जुन्या पेशी मोडणे आणि जंतू पकडणे ही दोन कामे वेगळी नाहीत, हे यावरून दिसते. रक्ताचा वेग कमी करून त्यातला प्रत्येक कण पारखणे हेच मूळ काम, आणि मोडणे व पकडणे ही त्याची फळे. पानथरीला नुसते पेशींचे स्मशान म्हणणारा तिचे अर्धेच काम पाहतो.

२. साखरेचे कवच घातलेले जंतू

पण पानथरी गेल्यावर सगळेच संसर्ग सारख्या प्रमाणात वाढत नाहीत. धोका ठरावीक जंतूंकडून वाढतो: न्यूमोकोकस, हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी आणि मेनिंजोकोकस. यांत न्यूमोकोकसचा वाटा सर्वांत मोठा. न्यूमोनिया, मेंदूज्वर आणि रक्तात जंतू पसरून येणारा झटका ही त्यांची कामगिरी. तिघांत समान काय, तर अंगाभोवती शर्करेच्या लांब साखळ्यांचे गुळगुळीत कवच. भक्षक पेशीला पकड घ्यायला त्यावर जागा सापडत नाही. कवचावर प्रतिपिंडे येऊन चिकटली, तरच जंतू गिळता येतो.

इथे पानथरीचा दुसरा, पांढरा भाग कामाला येतो. तो आणि तांबडा भाग यांच्या सीमेवर बी पेशींची एक खास तुकडी असते. प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करायला बी पेशींना एरवी टी पेशींची मदत लागते, आणि त्या तयारीत दिवस जातात. शर्करेच्या कवचाबाबत टी पेशी जवळपास अडाणी असतात. सीमेवरची ही तुकडी मात्र टी पेशींची वाट न पाहता आयजीएम जातीची प्रतिपिंडे झटपट सोडते. हीच तुकडी साधारण दोन वर्षांच्या वयापर्यंत पुरती परिपक्व झालेली नसते, आणि तान्ह्या मुलांना याच जंतूंचे आजार जास्त होतात. नुसत्या शर्करेपासून केलेली लस दोन वर्षांखालच्या मुलांवर नीट चालत नाही, तीही याच कारणाने. त्यावर शास्त्रज्ञांनी काढलेला तोडगा म्हणजे संयुग्म लस: कवचाची शर्करा एका प्रथिनाला जोडायची, म्हणजे टी पेशींनाही शत्रूची ओळख पटते. पानथरीच्या सीमेवरची तुकडी जे एकटीने करते, ते लसीने दुसऱ्या वाटेने साधले. एखाद्या अवयवाचे काम भरून काढायला एवढी युक्ती लढवावी लागत असेल, तर त्याला फालतू म्हणता येत नाही.

३. पुरावा कसा जमला

ही केवळ सूक्ष्मदर्शकाखालची कल्पना नाही. मॉरिस आणि बुलक या संशोधकांनी १९१९ मध्ये पानथरी काढलेले उंदीर आणि न काढलेले उंदीर यांना संसर्गाला सामोरे नेले; पानथरी नसलेले कितीतरी अधिक मेले. माणसाच्या बाबतीतही हे खरे ठरेल, असा इशारा त्यांनी तेव्हाच दिला होता. तो तीस वर्षे फारसा कोणी मनावर घेतला नाही. अमेरिकेतल्या किंग आणि शूमॅकर या शल्यचिकित्सकांनी १९५२ मध्ये पाच बाळांची हकीकत प्रसिद्ध केली. तांबड्या पेशींच्या आनुवंशिक दोषासाठी या बाळांची पानथरी तान्हेपणीच काढली होती, आणि त्यानंतर त्यांना गंभीर संसर्गांनी गाठले. पुढे दुसऱ्या महायुद्धात जखमी होऊन पानथरी गमावलेल्या ७४० अमेरिकी सैनिकांचा मागोवा १९७७ मध्ये जाहीर झाला. ही माणसे तरुण आणि एरवी धडधाकट होती. तरीही दीर्घकाळात न्यूमोनियाने त्यांच्यात अपेक्षेपेक्षा जास्त मृत्यू झाले.

या तीन पुराव्यांचे एकमेकांशी असलेले नाते पाहण्यासारखे आहे. उंदरांवर माणसाबद्दलचा निष्कर्ष काढू नये, असे कोणी म्हणेल; बाळांनी त्याला उत्तर दिले. त्या बाळांना मुळातच रक्ताचा आजार होता, असे म्हणावे, तर सैनिकांना तो नव्हता. प्रत्येक पुराव्याने आधीच्या पुराव्यातली पळवाट बुजवली. आज वैद्यकात पानथरी नसताना येणाऱ्या या जीवघेण्या संसर्गाला स्वतंत्र नाव आहे, आणि त्याचा चेहरा ठरलेला आहे: सकाळी साधा ताप, अंगदुखी, ओकारी, संध्याकाळपर्यंत रक्तदाब कोसळलेला. उपचार मिळूनही मृत्यूचे प्रमाण अनेक अभ्यासांत निम्म्याच्या आसपास आढळले आहे. अशा झटक्याची शक्यता कमी असते. पण तो आला तर विचार करायला वेळ उरत नाही.

४. शस्त्रक्रियेविना गेलेली पानथरी

आता विदर्भाकडे येऊ. मध्य भारतात सिकलसेल आढळतो, हे नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकातून दाखवून दिले. त्यानंतर विदर्भातल्या अनुसूचित जाती, आदिवासी आणि इतर मागास समाजांत या आजाराचा पसारा किती मोठा आहे ते उमगत गेले. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते, एवढाच मूळचा दोष. पण प्राणवायू कमी झाला की हे हिमोग्लोबिन गोठून दोऱ्यांसारखे होते आणि पेशी विळ्यासारखी वाकते. शरीरात प्राणवायू कमी, आम्लता जास्त आणि रक्ताचा वेग मंद अशी जागा शोधायला गेले, तर ती पानथरीच निघते. तिच्या फटींत वाकड्या पेशी तुंबतात, तिचाच रक्तपुरवठा तुटतो, आणि थोडा थोडा करून तिचा भाग मरत जातो. जे पहाऱ्याचे साधन तेच या आजारात पहिला बळी ठरते. गर्भातले हिमोग्लोबिन ओसरू लागले, म्हणजे बाळ सहा महिन्यांचे होण्याच्या सुमारास, ही झीज सुरू होऊ शकते.

यात एक फसवी गोष्ट आहे. हात लावला तर पानथरी मोठी लागते, आणि मोठी म्हणजे सुदृढ, निदान शाबूत, असे वाटते. पिअर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये हा समज मोडला. सिकलसेलच्या मुलांची पानथरी हाताला मोठी लागत असताना किरणोत्सारी चाचणीत ती रक्त गाळतच नव्हती. आकार होता, काम नव्हते. सिकलसेलची ओळख आपल्याकडे 'अंगात रक्त कमी' आणि 'हाडे दुखतात' या दोन वाक्यांत संपते. तिसरे वाक्य, 'याच्या शरीराचा पहारा उठला आहे', क्वचितच बोलले जाते. आणि लहान मुलाच्या जिवाला सर्वांत मोठा धोका त्या न बोललेल्या वाक्यात असतो. हे सारे एसएस पॅटर्नच्या, म्हणजे पीडित मुलांबद्दल आहे. एएस पॅटर्नच्या वाहकाची पानथरी एरवी आपले काम नीट करते. वाहकांनी या लेखाने घाबरून जाऊ नये.

५. चार आक्षेप

पहिला आक्षेप असा, की पानथरीवाचून हजारो माणसे वर्षानुवर्षे जगतात. यकृत तिचे काम उचलते. अंशतः हे खरे आहे. ज्या जंतूवर प्रतिपिंडे भरपूर चिकटली आहेत, त्याला यकृतातल्या भक्षक पेशी गिळतात. पण प्रतिपिंडे पुरेशी नसतात त्या पहिल्या भेटीत पानथरीची मंद, चिकाटीची गाळणी आणि सीमेवरची तुकडी हीच आधाराची असते, आणि यकृताकडे ती तुकडी नाही. जगणाऱ्यांची संख्या मोठी आहे म्हणून मरणाऱ्यांचे कारण खोटे ठरत नाही. इथे जगणे आणि वाचणे यांत फरक केला पाहिजे: पानथरीवाचून माणूस जगतो, पण त्या एका तापातून तो वाचेल की नाही हे उपचार किती लवकर मिळतो यावर ठरते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. भारतातला सिकलसेल आफ्रिकेतल्यापेक्षा सौम्य असतो, इथल्या रुग्णांत गर्भातले हिमोग्लोबिन जास्त टिकते, पानथरीही उशिरापर्यंत राहते. मग परदेशी नियम इथे कशाला? ओडिशातल्या रुग्णांवरच्या अभ्यासांनी १९८० च्या दशकात हे चित्र दाखवले, आणि ते चुकीचे नव्हते. पण ते साऱ्या देशाचे चित्र नाही. नागपुरात जन्मतः तपासणी करून ज्या मुलांचा पाठपुरावा झाला, त्यांत वेदनेचे झटके, तीव्र रक्तक्षय आणि संसर्ग लहान वयातच दिसले. शिवाय पानथरी उशिरापर्यंत राहते, याचा अर्थ तिच्यात अचानक रक्त साचून मूल पांढरे पडण्याचा धोकाही जास्त वर्षे राहतो. सरासरीने सौम्य असलेला आजार एखाद्या मुलापुरता सौम्य असेलच असे नाही, आणि कोणते मूल कोणत्या गटातले हे ताप येण्याआधी कळत नाही.

तिसरा आक्षेप: आता लस आहे, मग चिंता कसली? न्यूमोकोकसची संयुग्म लस २०२१ पासून देशभरातल्या नियमित लसीकरणात आली. सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने या वयात ती मिळते. हिमोफिलसची लस पेंटाव्हॅलंटमध्येच असते. हा मोठा आधार आहे, आणि तो प्रत्येक मुलाला मिळालाच पाहिजे. पण न्यूमोकोकसचे प्रकार शंभराच्या आसपास आहेत, आणि संयुग्म लस त्यांतल्या मोजक्यांना पुरते. तेवीस प्रकारांवरची लस दोन वर्षांनंतर वेगळी घ्यावी लागते, मेनिंजोकोकसचीही वेगळी. लस हा कठडा आहे, पण त्यात फटी आहेत. म्हणूनच सिकलसेलच्या लहान मुलांना रोज दोनदा तोंडाने पेनिसिलिन देण्याचा नियम आला. अमेरिकेत २१५ मुलांवर झालेल्या आणि १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पेनिसिलिन न मिळालेल्या ११० मुलांपैकी १३ जणांना, तर मिळालेल्या १०५ मुलांपैकी केवळ दोघांना न्यूमोकोकसचा रक्तसंसर्ग झाला. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. प्रतिजैविकांच्या अतिवापराची भीती रास्त आहे. पण ती सर्दीपडशाला दिल्या जाणाऱ्या गोळ्यांवर लावावी, पहारा गमावलेल्या मुलाच्या स्वस्त, जुन्या, मोजून दिलेल्या औषधावर नको.

चौथा आक्षेप म्हणतो, की पानथरी कधी स्वतःच संकट होते. फुटते, वारंवार रक्त साठवून ठेवते, मलेरियाच्या परजीवींना आसराही देते. इंडोनेशियातल्या पापुआत २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात व्हायवॅक्स मलेरियाचे बहुतांश जिवंत परजीवी पानथरीतच लपलेले आढळले. हे सारे मान्य आहे, आणि म्हणून काही रुग्णांत ती काढणेच योग्य ठरते. मात्र काढणे ही उपचाराची समाप्ती नसून एका जबाबदारीची सुरुवात असते. ठरवून शस्त्रक्रिया करायची असेल तर लसी निदान दोन आठवडे आधी द्याव्यात, तातडीची असेल तर बरे होताना. आणि हा धोका आयुष्यभराचा आहे, हे रुग्णाला त्याच्या भाषेत सांगावे.

६. वाशिमसाठी याचा अर्थ

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला, आणि २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले; चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन ही त्याची उद्दिष्टे. जिल्ह्यात २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. म्हणजे चौकट उभी आहे. धोका असा, की तपासण्यांचा आकडा हेच यश मानले जाईल. तपासणीने पॅटर्न कळतो. पानथरीची काळजी त्यानंतर सुरू व्हायची असते.

त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. एसएस मुलाच्या कार्डावर पॅटर्नखाली ठळक मराठीत एक ओळ यावी: १०१ अंश फॅरनहाइटच्या पुढे ताप म्हणजे तातडी, आधी प्रतिजैविकाचे इंजेक्शन, मग पुढचा प्रवास. मानोऱ्यातल्या तांड्यावरून किंवा मालेगावातल्या वस्तीवरून मूल अकोल्याला, नागपूरला पोचेपर्यंतचे तास हेच निर्णायक असतात. म्हणून पहिली मात्रा प्राथमिक आरोग्य केंद्रातच मिळाली पाहिजे. पेनिसिलिनचा साठा केंद्रात कधी तुटू नये, आणि कामासाठी हंगामभर बाहेर जाणाऱ्या कुटुंबाला तो निघतानाच पुरेसा मिळावा. जमैकात सर्जंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातांना मुलाच्या डाव्या बरगडीखाली हात ठेवून पानथरी चाचपायला शिकवले. पानथरीत रक्त साचल्याचे आयांना लवकर कळू लागले आणि मृत्यू लक्षणीय घटले. आशाताई जे जंतनाशकाच्या गोळीबद्दल समजावू शकतात, ते याबद्दलही समजावू शकतात.

दुसरा गट अपघातग्रस्तांचा. समृद्धी महामार्ग या जिल्ह्यातून जातो, आणि पोटाला बोथट मार लागल्यावर सर्वाधिक दुखावणाऱ्या अवयवांत पानथरी येते. रक्तस्राव आटोक्यात असेल तर ती वाचवण्याकडे आजच्या शल्यचिकित्सेचा कल आहे, आणि तो योग्य आहे. पण काढावी लागलीच, तर डिस्चार्ज कार्डावर तसे स्पष्ट लिहून लसींच्या तारखा घालून द्याव्यात. टाके सुकले म्हणजे प्रकरण मिटले, असे समजून घरी जाणारा तरुण तो कागद पुढे कोणालाही दाखवू शकला पाहिजे.

वाचकांना एवढेच सांगणे आहे. आपल्या घरात, शेजारात, शाळेच्या वर्गात एसएस पॅटर्नचे मूल असेल किंवा पानथरी काढलेले कोणी असेल, तर त्याच्या तापाला 'उद्या बघू' म्हणू नका. त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना गाठा, आणि डॉक्टरांना पहिले वाक्य सांगा: याची पानथरी काम करत नाही.